आमच्या घरची काळी चार

आमच्या घरात एका गोष्टीवर कधीच वाद नव्हता. आईची पट्टी काळी चार. बाकी सगळ्यावर वाद होते (आमटीत गूळ किती, टीव्हीचा आवाज किती, मी इंजिनियर व्हावं की नाही), पण काळी चार म्हणजे काळी चार. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी पेटीचा भाता मारत ती एक पट्टी दाबून धरायचो आणि बाबा तंबोरा लावायचे. बाबांना स्वतःला एक ओळ सुरात गाता यायची नाही. पण कान असा, की मणी केसभर सरकवून 'हं, आता' म्हणायचे आणि खोलीच बदलायची. मग आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची.

बाबा २०१६ साली गेले. त्यानंतर तंबोऱ्याला गवसणी घातली गेली ती कायमचीच. मी आईला फोनवर अॅप घालून दिलं. पट्टी निवडा, बटण दाबा, तंबोरा सुरू. त्यावर ती शिकवणी घेत राहिली. मग सत्तरीच्या आसपास वरचा गंधार लागेना. आधी सर्दी म्हणाली, मग पित्त म्हणाली, आणि एके दिवशी सगळ्या विद्यार्थिनींना सांगून टाकलं की माझा आवाज गेला, आता दुसरीकडे जा.

आता इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला. आवाज गेलेला नव्हता. नुसतं बोलतानाही तो भरदार होता, फक्त खाली आला होता. वयानुसार बायकांचा आवाज उतरतो, ही काही आजाराची बाब नाही. मग सोपं आहे, सा खाली घ्या! मी शहाणपणा करून एका रविवारी अॅपवर गुपचूप पांढरी चार लावून ठेवली. तीन स्वर खाली. तिला कळणार नाही अशी माझी (आता आठवून हसू येतं) खात्री होती. आई आली, बसली, आणि तोंड उघडायच्या आत म्हणाली, "हे कुणाचं लावलंयस?"

'कुणाचं.' 'कुठलं' नाही.

त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं असं, की आज दमले म्हणून सा उतरवला, उद्या कंटाळले म्हणून उतरवला, तर आपण घसरतोय हे कळणार कशावरून? मोजायची काठीच आखूड करायची आणि म्हणायचं, बघा, उंची तेवढीच आहे!

मान्य करायला हवं, की हा मुद्दा साधा नाही. आमच्या कामात याला बेसलाईन म्हणतात. नवा कोड जुन्या बेसलाईनशी ताडून बघायचा. चाचण्या लाल व्हायला लागल्या की कोड दुरुस्त करायचा, हा झाला सरळ मार्ग. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मात्र कुणीतरी हळूच बेसलाईनच बदलतो, सगळं हिरवं होतं आणि मंडळी घरी जातात. मीही हे केलंय. आमच्या न्हाणीघरातला वजनकाटा दीड किलो कमी दाखवतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही तो दुरुस्त करत नाही. (मावशी, तू वाचत असशील तर तुझं दिवाळीतलं वजनही त्यावरचंच होतं.)

पण काठीचीही गंमत असते. पॅरिसजवळच्या सेव्हरला १८८९पासून प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल काचेच्या तीन हंड्यांखाली जपून ठेवला होता. तो म्हणजे किलोग्रॅम. त्याच्या प्रती देशोदेशी दिलेल्या होत्या, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ५७ क्रमांकाची आहे. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. आता चूक कुणाची? तो दंडगोल हलका झाला असं म्हणताच येईना, कारण तो जे काही असेल तेच एक किलो! विट्गेन्स्टाइनने पॅरिसच्या मीटरबद्दल हेच म्हटलं होतं, की त्या एकाच वस्तूबद्दल ती एक मीटर आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. शेवटी २० मे २०१९ला किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर बांधली आणि दंडगोल सेवानिवृत्त झाला.

पेटीचंही तेच. मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, हे काही निसर्गाने सांगितलेलं नाही. फ्रान्सने १८५९ साली कायदा करून ४३५ ठरवली होती. ४४०ची शिफारस १९३९ साली लंडनच्या परिषदेत झाली. म्हणजे काळी चार ही एका बैठकीत झालेली तडजोड आहे.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तिने शांतपणे शेंगा सोलल्या.

नातेवाईकांनी गंगूबाई हनगलांचं उदाहरण दिलं, की गळ्यावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज पार बदलला आणि त्याच जाड आवाजाने त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं गाजवली. कुमार गंधर्वांचंही दिलं. क्षयाने फुफ्फुस गेलं, देवासला वर्षानुवर्षं गाणं बंद, आणि परत आले ते वेगळंच गाणं घेऊन. खरं आहे. पण डोंगराएवढ्या माणसांची उदाहरणं घरगुती गाणाऱ्या बाईला दिली की ती आणखी गप्प होते, असा माझा अनुभव आहे.

मला स्वतःला जे पटतं ते असं. किलो सगळ्यांचा असतो. तो माझ्या सोयीने हलला तर वाणी आणि गिऱ्हाईक दोघंही बुडाले. सा मात्र दुसऱ्याच जातीचा संदर्भबिंदू आहे. आपल्या संगीतात तो गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरतो, आणि बाकीचे स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने. त्याने एकदा बैठक सुरू झाल्यावर हलायचं नाही, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आजचा सा गेल्या वर्षीच्या साएवढाच हवा हा नियम आपण मागाहून, बहुतेक पेटी बघून, घातला. आईच्या शंकेचं उत्तरही त्यातच आहे. सा खाली घेतल्यावर वरचा गंधार पुन्हा नीट लागतो का ते बघावं. लागला, तर गळा नुसता सरकलाय. नाही लागला, तर आई म्हणते ते खरं. ही चाचणी लबाडी करून हिरवी होत नाही, कारण सगळं गायचं बाकीच असतं.

पण वाद मिटला तो माझ्या तर्काने नाही. बाबांच्या पेटीने मिटला. (मिटला म्हणणंही धाडसाचंच आहे, असो.)

गेल्या पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली नाही ना हे बघायला मी ती बाहेर काढली. सहज म्हणून काळी चार दाबली आणि फोनवरचं ट्यूनर लावलं. काटा डावीकडे. ४४०च्या हिशोबाने मंद्राची काळी चार २०८च्या जवळ हवी, ही २०४वर बोलत होती. सुमारे तीस सेंट खाली, म्हणजे पाऊण-एक श्रुती सोडा, पण काळी तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी. अॅप बरोबर होतं आणि आमची काळी चार कधीच काळी चार नव्हती. बाबा ज्याच्यावर तंबोरा लावत होते तो स्वर जगातल्या कुठल्याही तक्त्यात नाही.

आई दारात उभी होती. म्हणाली, "म्हणूनच त्या फोनमधलं मला बाबांचं वाटत नव्हतं." म्हणजे बाई इतकी वर्षं तीस सेंट परक्या सुरात गात होत्या आणि ते त्यांना कळत होतं.

मग तीच म्हणाली, तंबोरा काढ.

मिरजेचा तो तंबोरा. गवसणीतून काढला तेव्हा एक जोडतार तुटलेली होती, ती बदलली. पेटी घेतली नाही, फोन घेतला नाही. आई 'आ' लावून बसली, जिथे गळा टेकेल तिथे, आणि मी खुंट्या पिळत तिच्या मागे जात राहिलो. तारा ढिल्या पडल्यामुळे जवारी बोलेना. घोडीवरचा दोरा मी अर्धा तास इकडेतिकडे सरकवत होतो. रामन यांनी १९२१ साली दाखवलं होतं, की या घोडीच्या वक्र माथ्यामुळे तारेतून एरवी निघू नयेत असे उपस्वरही निघतात. तेव्हा मला ते नको होतं, मला फक्त तो खरजातला गंधार हवा होता, जो कुणी वाजवत नाही आणि तरी ऐकू येतो.

एकदम आला. आईने मान हलवली.

"मणी अजून थोडा पुढे," म्हणाली. "हं, आता."

कुठली पट्टी होती ते मी मोजलेलं नाही. भूप गायली. वरच्या गंधारावर थोडी थरथरली, आणि तिथेच परत दोनदा गेली.