गाण्याचा कागद वाटून टाका

दोस्तांनो, अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी आपलं नातं जुनं आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांच्या पँथरचं नाव घेऊन. त्यांच्या कविता आपल्याकडं आल्या, आत्मकथनं आली, भाषणं आली. त्यांचं संगीत नाटक तेवढं आलं नाही. कविता पुस्तकात मावते, पुस्तक पिशवीत मावतं. संगीत नाटक नोटेशनच्या गठ्ठ्यात राहतं, आणि गठ्ठा कुणाच्या तरी कपाटात असतो. मला त्या कपाटाबद्दल बोलायचंय.

आपल्यातलेच काही म्हणतील, इथं गावात अजून मसणवाटीसाठी भांडावं लागतं आणि ह्याला ऑपेरा न् ऑपेरेटा सुचतोय. ही गोऱ्या शेटजींची चैन. म्हणू द्या. मी सांगतोय ती गोष्ट पंगतीची आहे.

१६ ऑक्टोबर १९०१. बुकर टी. वॉशिंग्टन, गुलाम म्हणून जन्मलेला शिक्षक, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या घरी, व्हाइट हाउसात जेवायला बसला. त्याच्या मवाळपणाबद्दल आपण नंतर भांडू. त्या रात्री त्यानं काही मागितलं नाही, भाषण ठोकलं नाही. नुसता जेवला. तेवढ्यानं दक्षिणेतले गोरे पिसाळले, त्यांच्या वर्तमानपत्रांनी शिमगा मांडला. एका टेबलावर जेवण्यात एवढं काय, हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागेल. आपल्याला नाही.

त्या जेवणावर स्कॉट जॉप्लिन नावाच्या काळ्या संगीतकारानं आख्खा ऑपेरा लिहिला. 'अ गेस्ट ऑफ ऑनर', म्हणजे मानाचा पाहुणा. १९०३ साली मंडळी घेऊन तो दौऱ्यावर निघाला. दौरा बुडाला. गल्ल्याचे पैसे कुणीतरी पळवले, राहण्याचं बिल थकलं, सामान अडकलं, अशी हकीकत सांगतात. कॉपीराइटचा अर्ज वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयात दाखल झाला. अर्जाची नोंद सापडते. सोबत द्यायची नोटेशनची प्रत तिथं नाही, आणि दुसरीकडंही कुठं सापडलेली नाही. काळ्या माणसानं पंगतीवर लिहिलेलं संगीत नाटक जगातून पुसलं गेलं. ते कुणी जाळलं नाही, सरकारनं बंदीही घातली नाही. प्रती निघाल्या नाहीत, बस्स.

आता त्याच माणसाचं दुसरं नाटक बघा. 'ट्रीमोनिशा'. आर्कान्सातल्या एका मळ्यावरची वस्ती, साल १८८४. झाडाखाली सापडलेली एक काळी पोरगी. तिला शिकवावं म्हणून बाप एका गोऱ्या बाईची लाकडं फोडतो, आई कपडे धुते, इस्त्री करते. पोरगी शिकते आणि वस्तीला लुटणाऱ्या मांत्रिकांच्या पुढं उभी राहते. ते तिला पळवतात. ती सुटून येते, आणि शेवटी वस्ती तिलाच पुढारी निवडते. शिका म्हणणाऱ्या बापाच्या लेकरांना यातलं काय परकं आहे?

कुणी छापेना म्हणून १९११ साली जॉप्लिननं ते पदरमोड करून छापलं. सव्वादोनशेच्या वर पानं. गायकांसाठी आणि पियानोसाठी. १९१५ साली हार्लेममध्ये त्यानं त्याचा एक प्रयोग करून पाहिला. सीनसीनरी नाही, वाद्यवृंद नाही, पियानोवर तो स्वतः. कुणाला पसंत पडला नाही. १९१७ साली तो मेला. वाद्यवृंदासाठी केलेलं हस्तलिखित पुढं गहाळ झालं. छापलेली प्रत मात्र उरली. त्या प्रतीवरून टी. जे. अँडरसन या काळ्या संगीतकारानं वाद्यवृंद नव्यानं बांधला, आणि जानेवारी १९७२ मध्ये अटलांटात 'ट्रीमोनिशा' पुरी उभी राहिली. मेल्यावर ५९ वर्षांनी, १९७६ साली, जॉप्लिनला पुलित्झरचा खास सन्मान मिळाला.

माणूस एकच, नाटकं दोन. ज्याच्या प्रती निघाल्या ते मढ्यातनं उठलं. ज्याची प्रत निघाली नाही ते मातीत गेलं.

१९१५ साली त्याच न्यूयॉर्कात, हार्लेमपासून काही रस्ते अलीकडं, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकत होते. पुढच्या वर्षी, मे १९१६ मध्ये, त्यांनी जातीच्या उगमावरचा आपला निबंध तिथं वाचला. बाबासाहेबांनी 'ट्रीमोनिशा' पाहिली असं मी म्हणत नाही. उगाच दंतकथा रचायचं आपल्याला कारण नाही. मी एवढंच म्हणतो की एकाच शहरात दोन माणसं एकाच रोगावर औषध शोधत होती. एकाचा कागद आपण जपला. दुसऱ्याचा आपल्यापर्यंत पोचू दिला गेला नाही.

कसा पोचणार? धंदा समजून घ्या. ऑपेरेटा किंवा म्युझिकल कॉमेडी गाजली की प्रकाशक गाण्यांची सुटी पानं विकायचे, पियानोची प्रत विकायचे. पण व्हायोलिननं काय वाजवायचं, तुतारीनं काय वाजवायचं, ते कागद विकायचे नाहीत. ते भाड्यानं. प्रयोग झाला की परत करा. म्हणजे गाणं गुणगुणायला सगळे मोकळे, नाटक उभं करायचं तर मालकाच्या दारात या. विहिरीचं पाणी तेच, पण पोहरा मालकाचा. हा कायदा आपल्या बापजाद्यांनी अंगावर भोगलाय.

पण कुलूप लावलं तरी ते फुटतं, हेही बघा. इंग्लंडच्या गिल्बर्ट आणि सलिव्हनचं 'पिनाफोर' १८७८ साली आलं आणि अमेरिकेतल्या मंडळ्यांनी मालकाला न विचारता गावोगाव केलं. म्हणून १८८५ च्या 'मिकाडो'ला मालकानं वाद्यवृंदाचे कागद कडीकुलपात ठेवले. तरी पियानोची प्रत छापून बाजारात आली होती. तिच्यावरून दुसऱ्यांनी आपला वाद्यवृंद बांधला. मालक कोर्टात गेला. न्यूयॉर्कच्या कोर्टानं सांगितलं, प्रत छापलीस, आता यांना अडवता येणार नाही. आणि मग १९३८ साली काय झालं? शिकागोत सरकारी नाट्ययोजनेतल्या काळ्या नटांनी तोच 'मिकाडो' घेतला, त्यातल्या गाण्यांना स्विंगचा ठेका दिला आणि महिनोन् महिने चालवला. मंदीचे दिवस. बेकार काळ्या कलावंताला साहेबाच्या नाटकानं भाकरी दिली, कारण त्या नाटकावर तिथं मालकी उरली नव्हती. मोकळा कागद असा कामाला येतो.

यावर सभ्य लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं: नक्कल म्हणजे चोरी. त्याला माझं उत्तर दोन भागांत आहे.

एक. जिवंत कलावंताचं मानधन बुडवणं ही चोरीच. १८९९ साली जॉप्लिननं 'मेपल लीफ रॅग' दिला तेव्हा करार झाला प्रतीमागं एक सेंटचा. तो एक सेंट त्याच्या हक्काचा होता, आणि कायदा त्या एका सेंटसाठी हवाच. आपल्या शाहिराची वही झेरॉक्स करून त्याला उपाशी ठेवणारा कार्यकर्ता मला त्या प्रकाशकांपेक्षा हलकट वाटतो.

दोन. पण मेलेल्या माणसाच्या छातीवर बसून नातवंडं, पणतवंडं आणि कंपन्या जो पहारा देतात, त्याला मी हक्क म्हणत नाही. त्याला वतन म्हणतात. अमेरिकेत त्या काळच्या छापील कृतीवर मालकी चालते ९५ वर्षं. आपल्याकडं निर्माता मेल्यावर ६० वर्षं. मुदत संपली की कागद सगळ्यांचा. तरी धमकी येतेच. २००६ साली कॅनडात एका विद्यार्थ्यानं जुन्या नोटेशनचं फुकट ग्रंथालय इंटरनेटवर काढलं. २००७ साली व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाच्या वकिलाचं पत्र आलं आणि ते बंद पडलं. २००८ साली ते पुन्हा उघडलं. कारण मागणारे गप्प बसले नाहीत.

आणखी एक सांगतो. त्या काळच्या कागदांवर घाण आहे. सुट्या गाण्यांच्या मुखपृष्ठांवर काळ्या माणसाची माकडासारखी चित्रं आहेत. १९०३ साली 'इन दहोमी' ब्रॉडवेवर आलं. संगीत काळ्याचं, नट काळे. तरी त्यातला बर्ट विल्यम्स तोंडाला काजळी फासून उभा राहायचा, कारण गोऱ्या प्रेक्षकाला तसाच काळा माणूस हवा होता. ते नाटक लंडनला गेलं, तिथं त्याची प्रत छापली गेली, म्हणून आज हाताला लागते. काही भली माणसं म्हणतात, असले कागद वाटू नयेत, दुखावतात. माझं म्हणणं उलटं. मुखपृष्ठासकट वाटा. अपमानाचा पुरावा झाकला तर अपमान करणाऱ्याचीच सोय होते.

आता आपल्या दारात या. मराठी संगीत नाटकाची पदं स्वरलिपीसकट छापली गेली, ग्रंथालयात बसली. आणि आपले जलसे? भीमराव कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक दिलं, त्यांचे उपकार. पण गाण्यांच्या त्या चोपड्या आठवा. शब्द छापलेले आणि वर एक ओळ: 'चाल: अमुक सिनेमातल्या अमुक गाण्याची.' सिनेमा लोक विसरले की चाल मेली. चाल मेली की गाणं नुसता मजकूर झालं. मग विद्यापीठातले विद्वान येतात आणि म्हणतात, दलितांची परंपरा मौखिक, तिचं सौंदर्य तिच्या न लिहिण्यात आहे. वा रे वा! आधी लिहू दिलं नाही, वेद ऐकला तर कानात शिसं ओतायला सांगितलं, आणि आता म्हणतात न लिहिणं तुम्हाला शोभून दिसतं. ही शोभा तुमची तुम्हाला लखलाभ.

म्हणून पोरांनो, कामाला लागा. वस्तीत पेटी वाजवणारा म्हातारा असेल तर त्याच्यापुढं वही घेऊन बसा. सा रे ग म मध्ये चाल उतरवा. चुकेल. पुन्हा उतरवा. गाणाऱ्याचं नाव लिहा, झील धरणाऱ्यांची लिहा, ढोलकीवाल्याचं लिहा. शाहीर हयात असेल तर त्याला विचारा, नसेल तर घरच्यांना विचारा, आणि प्रती विकल्या तर पैसे त्यांच्या हातात ठेवा. पण एक प्रत करून कपाटात ठेवू नका. कपाट आपलं असलं तरी ते कपाटच. स्टेन्सिलचा धर्म आपल्याला ठाऊक आहे: एकदा कापायचं, शेकड्यानं काढायचं, मिळेल त्या हातात द्यायचं.

जॉप्लिनच्या पंगतीचं गाणं आता कुणालाच ऐकू येणार नाही. आपल्या पंगतीचं अजून काही म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे. ते गळे किती दिवस टिकतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

जय भीम.