माशाच्या आतड्यातील पाचकद्रव्य

मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकण्याची रीत पुष्कळ घरी आहे. पपईच्या चिकात प्रथिनांचे तुकडे पाडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. तशाच गुणाचे परंतु निराळ्या जातीचे ट्रिप्सिन नावाचे विकर प्राण्यांच्या पचनेंद्रियांत असते. कोकण किनाऱ्यावर त्याचा प्रत्यय उलट्या बाजूने येतो. भरल्या पोटाची तारली बर्फाविना राहिली की तिचे पोट फुटते. जिवंतपणी अन्न पचविणारा रस मेल्यावर माशासच पचवू लागतो.

साफ केलेल्या माशांची आतडी उकिरड्यावर न टाकता त्यांतून हे विकर काढून विकावे, अशी सूचना वारंवार होते. सूचना योग्य आहे. मात्र यातील निम्मे काम प्रयोगशाळेबाहेरचे आहे, याचा विसर पडतो.

शुद्धीकरणाची रीत तशी अगम्य नाही. आतडी थंड ठेवूनच वाटतात, थंड ॲसिटोनने त्यांतील चरबी काढतात व उरलेल्या भुकटीतून विकर सौम्य अल्कधर्मी द्रावणात उतरवितात. मग त्यात अमोनियम सल्फेट घालतात. शेतकऱ्यास खत म्हणून ठाऊक असलेलेच हे लवण होय. फक्त येथे ते शुद्ध प्रतीचे लागते. त्याचे प्रमाण वाढवीत गेले की निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या वेळी साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. हव्या त्या साक्यातील लवण काढून टाकून तो विशिष्ट कणांनी भरलेल्या नळीतून सोडतात. उफणणीत भुशाबरोबर थोडे दाणेही जातात, तसे प्रत्येक पायरीस काही विकर वाया जाते. म्हणून एकूण शक्ती किती उरली एवढेच न पाहता, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे ती किती वाढली हे मोजावे लागते.

त्यानंतर गुणधर्मांची पारख. दुधातील केसीन ते कोणत्या उष्णतेस व किती अल्कधर्मी द्रावणात सर्वाधिक पचविते, हे पाहतात. सोयाबीनमधील एक प्रथिन ट्रिप्सिनला अडविते. त्याने काम थांबले तर ओळख पटू लागते. (कोंबड्यांना कच्चे सोयाबीन घालू नये, याचे एक कारण हेच.) गुराचे ट्रिप्सिन आम्ल द्रावणात चांगले टिकते, माशाचे बहुधा तेथेच नासते. तेव्हा एकाचा नियम दुसऱ्यास लावून चालत नाही, आणि ही पारख निव्वळ विद्वानांची हौस ठरत नाही.

परंतु आतडीच कुजलेली आली तर पुढील सारा खटाटोप व्यर्थ होय. विकरे एकमेकांस पचवितात, जंतूंची विकरे त्यांत मिसळतात, आणि नळीतून उतरते ते कशाचे, हे सांगता येत नाही. यास्तव पहिला पैसा महागड्या यंत्रावर नव्हे, बंदरावरील बर्फावर आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यांवर खर्चावा.

सर्वच गिऱ्हाइकांस शुद्ध माल लागतो असेही नाही. कातडी मऊ करण्यास युरोपातील चर्मकार एके काळी कुत्र्याची विष्ठा वापरीत. तिच्याऐवजी प्राण्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क वापरण्याची रीत जर्मनीत ऑटो रोम याने १९०७ च्या सुमारास घातली. अशा कामास ओबडधोबड भुकटीही पुरते. ती ओबडधोबड म्हणूनच, आपल्या किमतीस विकावी. शुद्ध म्हणून विकल्यास धंदा एका हंगामातच बुडेल.

आतडी वेगळी काढून लगेच बर्फात घालणे हे मासे साफ करणाऱ्या स्त्रियांचे वाढीव काम आहे. त्याची मजुरी योजनेत प्रथमच धरली नाही, तर डबे रिकामे राहतील.