तागा न उलगडता केलेली खरेदी

दुकानाच्या मालाच्या आणि घरगुती प्रसंगांच्या चित्रफिती घरच्या घरी तयार करण्याची हौस आता आपल्या बहुतेक कुटुंबांतील मुलामुलींना आहे. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वारंवार माझ्यापुढे आला : ‘मुलांना यासाठी संगणक घ्यावयाचा आहे, किती रुपयांचा घ्यावा?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी माझीच एक चूक सांगणे मला भाग आहे.

टाळेबंदीनंतर ग्राहक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाईलवर साडी पाहू लागले. २०२१ मध्ये माझी पुतणी म्हणाली, “काका, फोनवर कापाकापी करणे जमत नाही. संगणक हवा.” मी एका विक्रेत्याकडून २२ हजार रुपयांत जोडलेला संगणक आणला. त्यावर ‘कोअर आय७’ असे ठळक लेबल होते. आय७ म्हणजे उत्तम, एवढे ऐकून होतो. स्वस्तात उत्तम माल मिळाला या समाधानात मी होतो.

त्याच सुमारास आमच्या आजींना नव्वद वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी पुतणीने त्यांना बोलते केले. आजोबांनी सांगलीच्या पेठेत पथारीवर विकलेली पहिली धोतरजोडी, उधारीची पहिली वही, पुरात भिजलेले गाठोडे, असे दोन तास आजी बोलल्या. ते सारे फोनवर टिपले गेले, संगणकात उतरवले गेले आणि फोन भरला म्हणून त्यातून पुसलेही गेले. पुढे मात्र काम सरकेना. चित्र अडखळे, आवाज पुढे धावे, एक तुकडा कापावा तर संगणक मिनिटभर गोठून जाई. तीन महिने गेले. एकदा मी सर्वांसमोर बोलून गेलो, “तुला चिकाटीच नाही.” तिने उत्तर दिले नाही. संगणकावर कापड टाकले आणि दीड वर्ष त्याला हात लावला नाही.

२०२३ च्या दिवाळीत स्नेह्यांचा अभियंता मुलगा घरी आला होता. त्याने पडद्यावर एक क्रमांक पाहिला आणि म्हणाला, “काका, हा प्रोसेसर २०११ चा आहे.”

विक्रेता शब्दशः खोटे बोलला नव्हता. तो आय७च होता. पण ‘आय७ २६००’. इंटेलच्या त्या काळच्या क्रमांकात आरंभीचा अंक पिढी सांगतो. २६०० मधील २ म्हणजे दुसरी पिढी, १२४०० मधील १२ म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा आय५ हा दुसऱ्या पिढीच्या आय७ पेक्षा कितीतरी सरस असतो. चाळीस वर्षांच्या धंद्यात तागा उलगडल्याशिवाय मी कधी कापड घेतले नाही. येथे मात्र लेबल वाचून पैसे मोजले. पुढे इंटेलने नावांची पद्धत बदलली आहे. म्हणून नाव काहीही असो, ‘हा प्रोसेसर कोणत्या वर्षी बाजारात आला?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

वर्षाला एवढे महत्त्व का, हे आपल्या खतावणीवरून सहज समजेल. खात्यात आपण रोज सारा हिशेब नव्याने लिहीत नाही. आरंभीची शिल्लक लिहितो आणि पुढे फक्त जमा-नावे. फोनही चित्रीकरण तसेच साठवतो : एक चित्र पूर्ण, आणि त्यापुढे केवळ काय बदलले त्याच्या नोंदी. म्हणूनच मोठे चित्रीकरण थोड्या जागेत मावते. परंतु मधला एखादा क्षण कापावयाचा असेल, तर संगणकाला मागील ‘शिल्लक’ शोधून तेथपासून सर्व नोंदी मांडत यावे लागते. पाहण्यापेक्षा संकलन जड जाते ते यामुळे. आजचे अनेक फोन ज्या एच.२६५ पद्धतीने या नोंदी लिहितात, ते मानक २०१३ मध्ये आले. २०११ च्या प्रोसेसरमधील चित्रविषयक मंडलाला ती लिपी वाचता येणार कशी? तो बिचारा सामान्य गणनेच्या बळावर गाडा रेटत होता. दोष पुतणीच्या चिकाटीत नव्हता; माझ्या खरेदीत होता. त्या रात्री मी तिला तसे स्पष्ट सांगितले.

नवा संगणक सुटे भाग आणून तिनेच जोडावा असे ठरले. यादी तिची, तपासणी माझी. सर्व खरेदी पक्क्या बिलाने केली. त्या वेळचे आकडे असे :

प्रोसेसर आय५ १२४०० : १५,५०० रुपये
मदरबोर्ड : १०,००० रुपये
रॅम १६ जीबी : ३,५०० रुपये
एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबी : ३,००० रुपये
हार्ड डिस्क २ टीबी : ४,७०० रुपये
पॉवर सप्लाय ५५० वॅट : ४,००० रुपये
कॅबिनेट : २,८०० रुपये
मॉनिटर : ९,००० रुपये
कीबोर्ड व माऊस : १,००० रुपये
यूपीएस : ३,५०० रुपये
बाहेरून जोडायची डिस्क : ५,००० रुपये
एकूण : ६२,००० रुपये

हे आकडे आमच्या खरेदीचे आहेत. भाव सतत हलतात, रॅम व एसएसडीचे तर फारच. म्हणून रकमेपेक्षा पैसा कोठे घातला आणि कोठे वाचवला, याकडे लक्ष द्यावे.

प्रोसेसर सहा गाभ्यांचा घेतला. त्यातच चित्र दाखवणारे मंडल आहे, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही. येथे एक अक्षर ध्यानात ठेवावे : याच प्रोसेसरचा ‘१२४००एफ’ हा प्रकार थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ते मंडल नाही, आणि वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही. कापणे, जोडणे, नाव टाकणे, संगीत भरणे एवढ्या कामास वेगळे कार्ड लागत नाही. दाविंची रिझॉल्व्हसारख्या प्रणालीवर रंगांचे बारीक काम करावयाचे झाल्यास मात्र ते लागेल. म्हणून मदरबोर्डवर त्याची जागा आणि पॉवर सप्लायमध्ये थोडी शक्ती राखून ठेवली.

रॅम १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या. दोन वाटांनी माल आला की गती वाढते, आणि प्रोसेसरमधील चित्रमंडल हीच स्मृती वापरत असल्याने त्यालाही लाभ होतो. मदरबोर्ड चार खाचांचा निवडला तो पुढे आणखी दोन पट्ट्या बसाव्यात म्हणून. स्वस्त बोर्डांना बहुधा दोनच खाचा असतात.

पॉवर सप्लायच्या बाबतीत माझा हात आखडला होता. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा चालणार नाही का, असे मी विचारले. पुतणी म्हणाली, “काका, दुकानाच्या वायरिंगमध्ये तुम्ही कधी काटकसर करता का?” मी पुढे बोललो नाही. ‘८० प्लस’ प्रमाणित, नामांकित बनावटीचाच घेतला. यूपीएसमुळे वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र बंद करण्याइतका अवधी मिळतो. बचत केली ती कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांत.

मॉनिटर आयपीएस पडद्याचा घेण्याचे कारण खास आपल्या धंद्याचे आहे. जुन्या पडद्यावर मान जरा हलवली की रंग बदलत असे. चिंतामणी रंगाची साडी त्यावर पाहून आम्ही चित्रफीत ‘सुधारली’, ग्राहकाला ती निळी दिसली आणि पार्सल परत आले. दोन्हीकडचे भाडे आम्हीच भरले. आयपीएस पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग फारसा ढळत नाही.

प्रणालीचा खर्च अनेक विक्रेते यादीत दाखवत नाहीत. चोरीची प्रत ‘भरून’ देतात. ती घेऊ नये. विंडोज घ्यावयाचे तर परवान्याचे पैसे धरावेत. आम्ही लिनक्स मिंट आणि संकलनासाठी शॉटकट वापरले. दोन्ही विनामूल्य व कायदेशीर आहेत. विंडोजवाल्यांसाठी एक सूचना : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणतः आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर चालतात. जुना ‘आय७’ स्वस्तात मिळत असेल तर हेही हिशेबात धरावे.

जोडणी दोन तासांत झाली. अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून प्रत्येक भाग हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करणे, आणि काहीही जोर लावून न बसवणे, एवढी पथ्ये तिने पाळली. प्रोसेसर पेटीबंद घेतला होता. त्यामुळे पंखा त्यासोबतच आला, आणि कंपनीची हमीही मिळाली.

कामाच्या तीन सवयी तिने लावून घेतल्या. पहिली : चित्रीकरणाची आधी हलकी प्रत काढायची, कापाकापी तिच्यावर करायची, आणि अखेरची चित्रफीत मूळ प्रतीवरून तयार करायची. शॉटकट हे आपोआप करते. त्यामुळे साधा संगणकही अडखळत नाही. दुसरी : फोन सेकंदाला टिपायच्या चित्रांची संख्या स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे आवाज आणि ओठ यांची फारकत होते. अशा फिती आधी संकलनयोग्य रूपात बदलून घ्यायच्या. तिसरी : व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या साडीसाठी फोर-के चित्रीकरण करायचे नाही. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिले आहे की फोर-के चित्रीकरणाला मिनिटास सुमारे १७० एमबी लागतात, तर १०८०पीला ६० एमबी. ही काटकसर फुकट आहे.

हिशेबाचेही सांगतो. संगणक व्यवसायासाठी असेल आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल, तर १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते. आमच्या ६२ हजारांत ते सुमारे ९,४५० रुपये होते. उरलेल्या किमतीवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला असल्यास त्याच्या निम्मा. बिलाविना घेतलेला माल म्हणूनच स्वस्त नसतो.

आता यादीतील शेवटच्या ओळीविषयी. बाहेरच्या डिस्कचे ते पाच हजार मला अनावश्यक वाटले होते. नवा संगणक सुरू होताच आजींचे चित्रीकरण जुन्या डिस्कवरून उतरवायला घेतले. ती डिस्कही वापरलेलीच निघाली. बहुतेक तुकडे आले. एक अकरा मिनिटांचा तुकडा काही केल्या वाचला गेला नाही. आजोबांच्या आजारपणात आजींनी एकटीने दुकान कसे चालवले, ते त्यात होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. आम्ही आजींना पुन्हा विचारले. त्या म्हणाल्या, “आता तसं आठवत नाही रे.”

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा : महत्त्वाच्या चित्रीकरणाच्या तीन प्रती. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी धाकट्या भावाच्या घरी. तोवर फोनमधील मूळ पुसायचे नाही.

उरलेल्या चित्रीकरणातून पुतणीने चोवीस मिनिटांची चित्रफीत केली. आजींनी ती दिवाणखान्यात बसून दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, “मी एवढी बोलते होय?” पुतणी हसली. दुकानाच्या चित्रफितींचे काम आता तीच पाहते, आणि खरेदीची यादी करताना मी तिचे मत आधी घेतो.

पुढील अंकात, लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकात कशा उतरवाव्यात, ते पाहू. तोवर त्या कॅसेट ओलसर माळ्यावर असतील तर खाली काढून कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात.