शाळेचा बँड कुणासाठी?

झेंडावंदन आटोपले, पाहुण्यांचे भाषण झाले, मुलांना खाऊ मिळाला आणि ढोल, ताशे, बिगुल पुन्हा कुलूपबंद कपाटात गेले, की राज्यातील बहुसंख्य शाळांतील संगीतशिक्षण पुढच्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तहकूब होते. त्या आठवड्यात कपाट उघडते. उंदरांनी कुरतडलेली ढोलाची पाने बदलली जातात, ज्यांच्या अंगाला मागच्या वर्षीचा गणवेश बसतो अशी पंचवीस-तीस मुले निवडली जातात आणि कवायतीच्या शिक्षकाच्या शिट्टीवर 'डावा-उजवा' सुरू होतो. हजेरीपटावरील उरलेल्या शेकडो मुलांचा या वाद्यांशी येणारा संबंध रांगेत उभे राहून ती ऐकण्यापुरता असतो. शाळेच्या अहवालात मात्र 'शाळेचे स्वतंत्र बँडपथक आहे' हे वाक्य दरवर्षी छापले जाते, आणि ते खोटे आहे असे म्हणता येत नाही.

पथक आहे, शिक्षण नाही. ते नसण्याला जबाबदार केवळ मुख्याध्यापकांची अनास्था नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांच्या सर्वांगीण विकासाची भाषा केली. परंतु त्याच कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तीन विषयांसाठी जे शिक्षक सांगितले, ते अंशकालीन, तेही फक्त सहावी ते आठवीसाठी आणि तेही त्या वर्गांचा पट शंभरांहून अधिक असेल तरच. पहिली ते पाचवीच्या मुलाला गाण्याचा शिक्षक हवा, हे कायद्याला सुचलेच नाही. ज्या वयात कान तयार होतो, तेच वय वगळले गेले. आणि शंभराच्या अटीतून कोण गळते? मेळघाटातील, अक्कलकुव्यातील, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील शाळा. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा. म्हणजे जेथे शाळेबाहेर शिकवणीचा वर्ग मिळण्याची सुतराम शक्यता नाही, नेमक्या त्या ठिकाणी शाळेनेही शिकवण्याचे कारण नाही, असा या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ झाला.

मोठ्या पटाच्या शाळांची गतही फारशी निराळी नाही. महाराष्ट्रात अंशकालीन निदेशक मानधनावर नेमले गेले, पुढे त्यांना थांबवण्यात आले, ते न्यायालयाच्या पायऱ्या चढले, मग 'अतिथी निदेशक' ही नवी संज्ञा निघाली. तासिकेवर मोजून देण्याच्या तुटपुंज्या मानधनावर एखाद्याने आयुष्यभराची विद्या मुलांना द्यावी, अशी ही अपेक्षा आहे. अतिथीला आपल्याकडे देव म्हणतात. त्याला वेतनश्रेणी नसते, एवढाच त्याचा शासकीय अर्थ उरला. जेथे 'कला' या एका शब्दाखाली एखादा शिक्षक मिळालाच, तेथे तो बहुधा चित्रकलेचा असतो.

यावर उतारा म्हणून दहावीच्या परीक्षेतील वाढीव गुणांकडे बोट दाखवले जाते. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना हे गुण मिळतात. त्या परीक्षांची तयारी शाळा करून देत नाही. ती खासगी वर्गात, महिन्याची फी भरून होते. गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांनी संगीत घरोघर नेले, हे त्यांचे ऐतिहासिक श्रेय कोणी नाकारणार नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढले ते संस्थानिकांच्या आश्रयाबाहेर, लोकांच्या वर्गणीवर, सर्वांसाठी. परंतु शिकवायचे खासगी वर्गाने आणि गुण द्यायचे शासनाने, ही विभागणी फी परवडणाऱ्या घराच्या पदरात आणखी एक माप टाकते. लोककलेसाठीही गुणांची तरतूद आहे, हे सांगितले पाहिजे. मात्र तेथेही प्रमाणपत्र लागते. बापाकडून हलगी शिकलेल्या मुलाला ते कोणी द्यायचे?

या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे; कारण शाळेच्या बँडचा महाराष्ट्रातील खरा प्रश्न येथे आहे, आणि शिक्षणाविषयी बोलणारे सहसा येथूनच वळसा घालून जातात. या प्रांतात वाद्याला जात आहे. देवळातील वाद्ये गुरवाकडे, हलगी मांगाकडे, सनई घडशी-होलारांकडे, अशी ती पिढ्यान्‌पिढ्या वाटली गेली. गावच्या लग्नात, पोळ्याच्या मिरवणुकीत, देवीच्या यात्रेत वाजवणे ही कला मानली गेली नाही. ते गावकीचे काम होते. नकार देण्याची सोय नव्हती, मोबदला म्हणजे शिधा आणि वाढलेले उरलेसुरले अन्न, आणि जेवणाची पंगत वेगळी. म्हणूनच आंबेडकरी चळवळीत ठिकठिकाणी लोकांनी मेलेली जनावरे ओढण्याबरोबर सवर्णांच्या दारी वाजवणेही नाकारले आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. वाद्य टाकून देणे हा त्यांच्यासाठी माणूसपणाचा प्रश्न होता. संस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्यांनी हे कधी विसरू नये. ज्यांनी वाजवणे सोडले नाही, त्यांनी पुढे पितळी वाद्ये उचलली आणि लग्नाच्या वरातीतील बँड हा व्यवसाय बनला. मेरठच्या जलीकोठीत बनलेले ट्रंपेट आणि युफोनियम तालुक्याच्या गावी आले, अंगावर झालरीचा कोट आला. प्रतिष्ठा मात्र आली नाही.

त्या घरातील मूल शाळेत येते तेव्हा काय होते? जाळावर हलगी शेकून ती किती तापली की सूर चढतो, जाड काडी कुठे पडते आणि बारीक काडी कुठे थरथरते, हे त्याला सातव्या-आठव्या वर्षी ठाऊक असते. शाळेतील कोणत्याही शिक्षकापेक्षा या एका बाबतीत त्याचे ज्ञान अधिक. परंतु ते ज्ञान लपवण्याजोगे आहे, हेही ते मूल तेवढ्याच लवकर शिकते; वर्गात 'बँडवाल्याचा' हे नाव कौतुकाने उच्चारले जात नाही. आणि जेव्हा शाळेला अचानक ढोल वाजवणारा हवा असतो, तेव्हा सर्वांचे डोळे त्याच्याकडेच वळतात. ढोल त्याच्या गळ्यात, बासरी आणि ट्रँगल मधल्या रांगांत, आणि पथकाच्या पुढे चकाकती काठी फिरवणारा मुलगा सरपंचाच्या किंवा डॉक्टरांच्या घरचा. ही वाटणी कोणी ठरवून केली असे नव्हे. ठरवावी लागत नाही, हेच तिचे बळ आहे. गावाची रचना जशीच्या तशी शाळेच्या मैदानावर संचलन करते आणि पाहुणे टाळ्या वाजवतात.

त्याच वेळी पुण्यात गणेशोत्सवातील ढोलताशा पथकांत हजारो महाविद्यालयीन मुले-मुली पावसाळाभर सराव करतात आणि अभिमानाने मिरवतात. ही गोष्ट वाईट नाही. मुलींनी कमरेला ढोल बांधला, हे तर स्वागतार्हच. पण हात बदलले की वाद्याला मान मिळतो, आणि ज्याच्या हातात ते पिढ्यान्‌पिढ्या होते तो मात्र मिरवणुकीच्या शेवटी मजुरीचा हिशेब करत उभा असतो, हे दृश्य पाहून एखाद्या समाजवाद्याला अस्वस्थ वाटू नये? अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसात संपली, असे सांगितले जाते. त्यांच्यासारखा शाहीर घडला तो शाळेच्या बाहेर. तमाशाच्या फडात, गिरणगावात आणि चळवळीत. त्यांच्या नावाने आज शाळा आहेत, सभागृहे आहेत. त्या शाळांत हलगी शिकवण्याचा तास किती ठिकाणी आहे?

सर्वसामान्य घरच्या मुलाला सार्वजनिक खर्चाने वाद्य शिकवले तर काय घडू शकते, याचे उदाहरण फार लांब शोधावे लागत नाही. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात चर्चच्या आश्रयाने गावोगाव ज्या पॅरिश शाळा चालत, त्यांत मुलांना स्वरलिपी वाचून गाणे आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू धार्मिक होता. प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे हवे होते. लाभ प्रामुख्याने मुलांना झाला, मुलींना कमी. आणि जातीचा विटाळ त्या चर्चच्याही उंबऱ्याबाहेर राहिला नव्हता. तरीही कौलारू घरांतली मुले कागदावरचे स्वर वाचू लागली आणि त्या विद्येवर ती लष्कराच्या बँडांत, संस्थानांच्या वाद्यवृंदांत, मुंबईच्या हॉटेलांत आणि शेवटी हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात पोहोचली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गाण्यात त्यांनी गुरूचे नाव अजरामर केले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचा वाद्यमेळ रचणारे सबॅस्टियन डिसोझा हेही गोमंतकीय. चाल ऐकून उचलणारे वादक सर्वत्र होते. ती लिहून शंभर वादकांपुढे ठेवण्याची ताकद या शाळांनी दिली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तीही सार्वजनिक खर्चाने संगीत शिकवण्यासाठीच. चर्चला आणि संस्थानिकाला जे परवडले, ते लोकशाही शासनाला परवडत नाही, या म्हणण्यावर कोणाचा विश्वास बसावा?

बँडवर एक आक्षेप पुरोगामी वर्तुळातूनच घेतला जातो: हे सैन्याचे अनुकरण आहे, गणवेश, पावले, हुकूम यांत मुलाचे स्वातंत्र्य कोठे? राष्ट्रीय पातळीवरील शालेय बँडस्पर्धा शिक्षण आणि संरक्षण या दोन्ही मंत्रालयांच्या सहकार्याने होतात, हे पाहता आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ज्याने एखाद्या पथकात महिनाभर वाजवले आहे, त्याला ठाऊक असते की पाय हुकमाने पडतात, सूर हुकमाने लागत नाही. बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण आणि श्वास यांवर त्यातून मोजके चार-पाच स्वर निघतात आणि ते शेजारच्या बिगुलाशी जुळवायचे तर आधी शेजारचा ऐकावा लागतो. सर्वांत मोठा आवाज बेस ड्रमचा, पण तो वाजवणाऱ्याने जोर दाखवला की पथक कोसळते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून लेझीम आणि समूहगीते शिकलेल्या पिढ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. निळू फुले आणि राम नगरकर ज्या कलापथकातून आले, तेथेही आधी इतरांच्या सुरात सूर मिसळण्याचीच तालीम होती.

संगीत शिकल्याने गणितात गुण वाढतात, असे एक समर्थन हल्ली पालकसभांतून ऐकू येते. ते सोडून द्यावे. जोवानी साला आणि फर्नांड गोबे यांनी २०२० मध्ये यापूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांत असा लाभ जवळजवळ आढळला नाही. बँड हवा तो बँडसाठी. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये होजे आंतोनियो आब्रेऊ यांनी सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा'ने शासनाच्या पैशातून गरीब वस्त्यांतील लाखो मुलांच्या हाती वाद्ये दिली, याचे जगभर कौतुक झाले; पुढे तिच्यातील जाचक शिस्तीवर आणि सत्ताधाऱ्यांनी तिचा शोभेसाठी केलेल्या वापरावर कठोर टीकाही झाली. पैसा शासनाचा हवा म्हणून पथक मंत्र्यांच्या स्वागताला जुंपलेच पाहिजे, असे नाही.

कार्यकर्त्यांना या बाबतीत करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी मोर्चाचीच वाट पाहायला नको. शिक्षण हक्क कायद्याने शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही या समितीकडे दिले आहे. बहुतेक ठिकाणी समितीच्या सभा सहीपुरत्या होतात. त्या आराखड्यात संगीताचा तास वेळापत्रकात आणि शाळेच्या वेळेत मागता येतो. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर नव्हे, कारण त्या वेळी ज्या मुलीला पाणी भरायचे असते आणि ज्या मुलाला शेळ्या आणायच्या असतात, ती पथकातून आपोआप गळतात. गणवेशाचा भार पालकांवर टाकू नये, असा ठराव करता येतो. प्रत्येक मुलाने वर्षभरात प्रत्येक वाद्य हाताळावे आणि पुढची काठी महिन्यामहिन्याला बदलावी, एवढा साधा नियमही सरपंचाच्या घराला टोचल्याशिवाय राहणार नाही. पण तो करता येतो.

आणि शिकवणार कोण? तालुक्याच्या गावी ट्रंपेट, क्लॅरिनेट, हलगी उत्तम वाजवणारी माणसे आहेत. पावसाळ्यात, लग्नसराई संपल्यावर, त्यांच्या हाताला काम नसते. त्यांना स्थानिक कलावंत म्हणून निदेशक नेमण्याची, पदवीची अट शिथिल करण्याची आणि वर्षभराच्या नियमित वेतनाची मागणी शासनाकडे लावून धरली पाहिजे. गावाने ज्याला दाराबाहेर उभे राहून वाजवायला लावले, तो वर्गात खुर्चीवर बसून शिकवू लागला आणि सरपंचाचा मुलगा त्याला 'सर' म्हणू लागला, तर काही घरांतून तक्रारी येतील. त्या येतील तेव्हा मुख्याध्यापकाच्या पाठीशी उभे राहण्याचे काम कार्यकर्त्यांचेच आहे. जूनमध्ये वेळापत्रक लागण्याआधी समितीची जी सभा होते, तिला बँडवाल्यांच्या घरचे पालकही आले पाहिजेत. त्यासाठी सभेची तारीख त्यांच्या सुपाऱ्या पाहून ठरवावी लागेल.