ज्ञानाची उतरंड आणि वाचकाची सोय

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा कोणा एका संपादक मंडळाचा नव्हे, तर कोणत्याही मराठी वाचकाने भर घालावी असा ज्ञानकोश आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्याची माहिती तेथे नोंदवावी, ही अपेक्षा रास्तच होय. तथापि, माहिती जमविण्याइतकाच ती मांडावयाची कशी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. कचेरीच्या शिस्तीत वाढलेल्या मनाला साहजिकच वाटते की, ‘महाराष्ट्र’, त्याखाली ‘बुलढाणा’, त्याखाली ‘लोणार’ आणि त्याखाली ‘सरोवर’ अशी उपपानांची उतरंड रचावी. फायलींच्या कपाटात ही रचना शोभते. पण लोणारचे सरोवर एका कप्प्यात मावणारे नाही. उल्कापाताने झालेले विवर म्हणून ते भूशास्त्राचे आहे. २०२० साली रामसर यादीत आलेली पाणथळ जागा म्हणून पर्यावरणाचे आहे. परिसरातील प्राचीन मंदिरांमुळे ते इतिहासाचेही आहे. उपपान केले की त्याला एकच पालक मिळतो. बाकीची नाती झाकली जातात.

शिवाय उतरंडीतील वरची मडकी कायम राहत नाहीत. वऱ्हाडातील हा जिल्हा १९०३ साली मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. एके काळी मेहकर तालुक्यात मोडणारे लोणार आज स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. अशा प्रत्येक फेरबदलाबरोबर खालच्या सर्व पानांचे पत्ते बदलावयाचे काय?

वाचक तर मोबाइलवर ‘लोणार’ एवढेच लिहितो. ‘सिंदखेड राजा’ हे नाव कोणी तोडून लिहितो, कोणी जोडून. ‘जळगाव’ म्हणताना एखाद्याला जळगाव जामोद अभिप्रेत असते, तर दुसऱ्याला खानदेशातील जळगाव. या अडचणी उपपानांनी सुटत नाहीत. एका नावावरून दुसऱ्याकडे नेणारे पुनर्निर्देशन, सारख्या नावांचा उलगडा करणारे पान आणि एकच लेख अनेक विषयांत दाखविणारे ‘वर्ग’, हेच त्यांवरील उपाय होत. इंग्रजी विकिपीडियाने लेखांसाठी उपपानांची पद्धत आरंभीच्या काळातच सोडून दिली, ती उगीच नव्हे.

अर्थात उपपाने सर्वथा त्याज्य नाहीत. विकिस्रोतावर ग्रंथाची प्रकरणे ग्रंथाच्या पानाखालीच असावयास हवीत, कारण ग्रंथावाचून प्रकरणाला स्वतंत्र अस्तित्व नसते. गावाचे, सरोवराचे, माणसाचे तसे नाही. हा भेद ध्यानी घेऊनच लेखनास हात घालावा. अन्यथा कष्टाने लिहिलेली माहिती असूनही सापडणार नाही, आणि तिचा तोटा ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या विद्यार्थ्यालाच सोसावा लागेल.