विश्लेषण : पर्माफ्रॉस्ट वितळताना किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या कशा तयार होतात?

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यालगत चुक्ची समुद्रातील वाळूच्या चिंचोळ्या बेटावर शिश्मारेफ हे सुमारे ६०० वस्तीचे गाव आहे. किनारा सतत ढासळत असल्याने ऑगस्ट २०१६ मध्ये गावकऱ्यांनी ८९ विरुद्ध ७८ मतांनी स्थलांतराचा कौल दिला. गाव मात्र अजूनही तिथेच आहे. हे बेट घडवणारी वाळू येते कुठून, तिच्या टेकड्या कशा होतात आणि तापमानवाढीत त्या टिकतील का, याचा आढावा.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय?

सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. जगातील सुमारे एक तृतीयांश किनारपट्टी अशा जमिनीची आहे. सायबेरिया, अलास्का आणि कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. इथे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांना धरून ठेवण्याचे काम बर्फ करतो. काँक्रीटमध्ये जे काम सिमेंटचे, तेच इथे बर्फाचे. फरक एवढाच की हे ‘सिमेंट’ उष्णतेने वितळते.

किनारा ढासळतो कसा?

या किनाऱ्यांवर लाटा दोन प्रकारे मारा करतात. त्या धडका देतात आणि तुलनेने उबदार पाण्याने बर्फही वितळवतात. कड्याच्या पायथ्याशी आडवी खाच पडते, ती आत आत जाते आणि वरचा अख्खा तुकडा समुद्रात कोसळतो. वर्षातील बराच काळ समुद्रावर बर्फ असल्याने लाटा उठतच नाहीत. झीज उन्हाळ्यात आणि शरद ऋतूतील वादळांत होते. आर्क्टिक किनाऱ्यांच्या झिजेची सरासरी वर्षाला सुमारे अर्धा मीटर आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील ड्रू पॉइंट येथे मात्र अलीकडच्या काळात हा वेग वर्षाला १५ मीटरहून अधिक नोंदवला गेला आहे.

वाळूची टेकडी कशी बनते?

कडा कोसळला की समुद्र त्याची निवड करतो. बारीक गाळ आणि चिकणमाती पाण्यात तरंगत खोल समुद्राकडे जाते. जड वाळू आणि खडी किनाऱ्याजवळच राहते. तिरक्या लाटांमुळे किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह ती पुढे नेतो आणि वेग मंदावतो तिथे सोडतो. त्यातून पुळणी, वाळूचे दांडे आणि लांबट बेटे तयार होतात.

पुढचे काम वाऱ्याचे. पुळणीवरची वाळू सुकली की वारा ती जमिनीकडे लोटतो. वाटेत गवताचा झुबका आला की वाऱ्याचा जोर कमी होतो आणि वाळू तिथेच साचते. कोकणच्या पुळणीवर मर्यादवेल वाळू धरून ठेवते. अलास्कात ते काम लांब मुळांचे किनारी गवत करते. वाळू साचत जाते, तसे गवतही वर वाढत जाते आणि टेकडी उंचावते.

थंडीमुळे या प्रक्रियेला वेगळे वळण मिळते. ओली वाळू हिवाळ्यात दगडासारखी गोठते. पण कोरड्या, बोचऱ्या वाऱ्यात वरच्या थरातील बर्फाची थेट वाफ होते आणि सुटे झालेले कण हिवाळ्यातही उडू लागतात. ते बर्फावर पडतात, त्यावर पुन्हा बर्फ पडतो. उन्हाळ्यात हे थर वितळले की वाळू खाली बसते. अनेक टेकड्यांचा गाभा वर्षभर गोठलेलाच असतो.

प्रत्येक ढासळत्या कड्यातून टेकडी होते का?

नाही. कड्यात बर्फ किती आणि वाळू किती, यावर ते ठरते. दहा मीटर उंच कड्याच्या आकारमानात ७० टक्के बर्फ असेल तर तो वितळल्यावर हाती फक्त तीन मीटरची माती उरते आणि तीही बहुतांश बारीक असेल तर पुळणीला जवळपास काहीच मिळत नाही. म्हणजे किनारा वेगाने मागे हटतो, पण त्याच्या बदल्यात वाळूचे संरक्षण उभे राहत नाही.

वाळूचा पुरवठा चांगला असेल तर चित्र वेगळे दिसते. शिश्मारेफच्या ईशान्येला, सेवर्ड द्वीपकल्पाच्या टोकावरील केप एस्पेनबर्ग येथे सुमारे चार हजार वर्षांत पुळणींच्या समांतर रांगा आणि त्यांवर टेकड्या तयार झाल्या. किनारी प्रवाहाने आणलेल्या वाळूतून हे टोक वाढत गेले. जुन्या वादळी कालखंडांचा माग काढण्यासाठी संशोधक या रांगांचा आधार घेतात.

आता काय बदलले?

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. समुद्र बर्फमुक्त राहण्याचा काळ वाढल्याने लाटांनाही अधिक दिवस मिळतात. त्यातून वाळू जास्त सुटते आणि वाऱ्यालाही जास्त वेळ मिळतो, त्यामुळे काही ठिकाणी टेकड्या वाढूही शकतात. पण वादळाने खरवडलेली टेकडी पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. त्याआधीच दुसरे वादळ आले तर ती सावरत नाही. गोठलेला गाभा वितळला तर तिची पकडही सुटते. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘मर्बोक’ वादळाच्या अवशेषांनी पश्चिम अलास्काचा सुमारे १,६०० किलोमीटर किनारा झोडपला, तेव्हा हा धोका स्पष्ट दिसला.

उपाय काय?

शिश्मारेफमध्ये टप्प्याटप्प्याने दगडी बंधारा बांधण्यात आला. त्याच्या मागची घरे वाचतात. मात्र बंधारा किनाऱ्याची झीज रोखतो तेव्हा पुढच्या भागाला मिळणारी वाळूही अडते. गवत जपणे, टेकड्यांवरून वाहने न नेणे हे उपाय स्वस्त आहेत, पण मोठ्या वादळापुढे अपुरे. स्थलांतराचा खर्च २००४ मध्येच सुमारे १८ कोटी डॉलर अंदाजण्यात आला होता. शिवाय सीलच्या शिकारीवर जगणाऱ्या इनुपियाक कुटुंबांना समुद्रापासून दूर जाणे परवडणारे नाही. वाळूची बेटे सरकतच टिकतात. त्यांच्यावर बांधलेल्या शाळा, घरे आणि धावपट्ट्यांना मात्र ती सवलत नाही.