मंडळी स्वायत्त, पण कशापुरती?

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतील सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना. तिच्या २००० सालच्या श्रद्धापत्रानुसार पाळकपद फक्त पुरुषांचे. आधार तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. पौल स्वतःला लावतो तोच 'दियाकोनॉस' हा ग्रीक शब्द रोमकरांस पत्रात फिबीलाही लावतो, पण बाईच्या वाट्याला आला की त्या शब्दाचा अर्थ आक्रसतो! तो वाद पंडितांनी घालावा. मला बोलायचे आहे स्वायत्ततेबद्दल.

चर्चमध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या क्रिस्टा ब्राउन आणि इतर स्त्रिया वर्षानुवर्षे मागत होत्या, की अत्याचारी पाळकांची यादी ठेवा, म्हणजे एका गावाने काढलेला माणूस दुसऱ्या गावात उपदेशाला उभा राहणार नाही. २००८ मध्ये कार्यकारी समितीने नकार दिला. कारण? प्रत्येक मंडळी स्वायत्त, आम्ही कोण सांगणार! २०२२ च्या चौकशी अहवालाने उघड केले, की समितीच्याच कार्यालयात अशी यादी गुपचूप ठेवली जात होती. ७०० हून अधिक नावांची.

आणि २०२३ मध्ये? कॅलिफोर्नियाचे सॅडलबॅक आणि लुईव्हिलचे फर्न क्रीक ही चर्चेस स्त्री पाळक आहेत म्हणून बाहेर काढली गेली. फर्न क्रीकच्या पाळकबाई तीस वर्षे काम करत होत्या. तेव्हा स्वायत्तता कोणाला आठवली नाही. अत्याचार दडवणाऱ्या मंडळ्यांना काढण्याची तरतूद मधल्या काळात झाली हे खरे, पण ती या बायकांनी दारे ठोठावून आणि २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी प्रकरणे छापल्यावर. स्त्री पाळकांवरची बंदी घटनेतच घालण्याच्या ठरावाला २०२४ आणि २०२५ मध्ये साठ टक्क्यांहून अधिक मते पडली; दोन-तृतीयांशाला थोडी कमी.